जरीची पाठ पाहावी

यज्दच्या बाजारातला दुकानदार कापड उलगडतो ते एका झटक्यात, आणि नेहमी सुलट बाजूनं. डाळिंबी रंगाची भुई, तिच्यावर कोयऱ्यांच्या रांगा, मधूनच सोनेरी चमक. गिऱ्हाईक हरखून जातं. जाणकार मात्र कापडाचं टोक दोन बोटांत धरतो, उलटं करतो आणि आधी पाठ बघतो. दुकानदाराच्या बोलण्याचा सूर तिथंच बदलतो.

इराणी रेशमी जरीचं कापड मराठी माणसाच्या वाट्याला हल्ली तीन वाटांनी येतं. कुणी इस्फहान-यज्दच्या सहलीहून येताना तुकडा आणतो. कुणाला दुबईच्या दुकानात ‘अस्सल पर्शियन’ म्हणून काहीतरी दाखवलं जातं. आणि मुंबई-पुण्यातल्या काही इराणी घरांत, ज्यांचे पूर्वज यज्द आणि केरमानच्या भागांतून इकडे आले, एखादं जुनं तेर्मे ट्रंकेच्या तळाशी असतं. तिन्ही वेळी प्रश्न तेच असतात: हे नक्की काय आहे, खरं आहे का, आणि घरी आणल्यावर टिकवायचं कसं?

आधी नावं नीट करावीत

मराठी वाचकाला इथं एक आयता फायदा आहे. या धंद्याची निम्मी भाषा त्याच्या घरचीच आहे. फारसीत ‘जर’ म्हणजे सोनं आणि ‘बफ्त’ म्हणजे विणलेलं, म्हणून ‘जरबफ्त’ किंवा नुसतं ‘जरी’. इराणी विणकर ज्याला ‘गुलाबेतून’ म्हणतो तोच आपला कलाबतू. रेशीम, मखमल, अतलस, किनखाब हे शब्दही त्याच वाटेनं मराठीत आले. मराठी राज्यात उंची वस्त्रं आणि जडजवाहीर ठेवायचं ते जामदारखान्यात, आणि ‘जामा’ हाही फारसीच.

पण ओळखीच्या शब्दांनी फसगतही होते. ‘जरी’ म्हणून दाखवलेलं प्रत्येक कापड मागावर विणलेलं नसतं. आपल्या ‘जरदोजी’तला ‘दोजी’ म्हणजे सुईकाम. इराणातही ‘बाफी’ म्हणजे विणकाम आणि ‘दूजी’ म्हणजे सुईकाम असा रोखठोक फरक आहे. दक्षिणेला होर्मुझच्या किनाऱ्यावर ‘गुलाबेतून-दूजी’ चालते. ते जरीचं भरतकाम आहे, आणि सुंदर आहे, पण ते जरबफ्त नव्हे. इस्फहानच्या चौकाभोवतीच्या दुकानांत सगळ्यात जास्त दिसतं ते ‘कलमकार’ म्हणजे लाकडी ठशांनी छापलेलं सुती कापड. त्यात ना रेशीम ना जर. चादर किंवा मेजपोस म्हणून ते खुशाल घ्यावं, मात्र जरीच्या भावानं घेऊ नये.

‘तेर्मे’ ही आणखी वेगळी जात आहे. ते मुळात लोकर आणि रेशीम यांचं, अंगानं जाडसर, कोयरीच्या नक्षीचं कापड. कोयरीला तिकडे ‘बोते’ म्हणतात. नवरोजच्या मांडणीखाली, लग्नाच्या बैठकीवर आणि पूर्वी हमामात न्यायच्या कपड्यांच्या ‘बुगचे’साठी (हा शब्द ऐकून आपलं बोचकं आठवावं) तेर्मे वापरलं जाई. पुष्कळशा तेर्म्यांत धातूचा तार नसतोच. म्हणून दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न सोपा ठेवावा: हे बाफी की दूजी? दुसरा प्रश्न: हातमाग की यंत्रमाग? आज यज्दमध्ये विकलं जाणारं बहुतेक तेर्मे यंत्रमागावरचं असतं आणि त्यात कृत्रिम धागाही असतो. प्रामाणिक दुकानदार हे सांगतो.

धागा भिंगाखाली

दहापट मोठं दाखवणारं, सोनाराकडे असतं तसलं भिंग खिशात ठेवावं. त्याच्यापुढे दुकानातली अर्धी वर्णनं गळून पडतात.

जुना इराणी कलाबतू बनवायची रीत अशी: चांदीचा बारीक तार ठोकून चपटा करायचा, म्हणजे बादला. तो रेशमाच्या दोऱ्यावर पिळासारखा गुंडाळायचा. सोनेरी कलाबतूसाठी चांदीवर सोन्याचा मुलामा असे आणि आतला दोरा पिवळा घेत. रुपेरीसाठी आतला दोरा पांढरा. कारण साधं आहे. गुंडाळीत कुठं फट राहिली तरी आतून त्याच रंगाची झाक यावी. भिंगाखाली हे वेटोळं आणि फटींतला दोरा स्वच्छ दिसतो. त्याहून जुन्या, मंगोल काळातल्या काही कापडांत तार नसून मुलामा दिलेल्या कातड्याच्या किंवा प्राण्यांच्या पातळ पडद्याच्या पट्ट्या वापरलेल्या आहेत. त्यांवरचं सोनं झडून गेलं की उरते ती तपकिरी पट्टी. म्हणून संग्रहालयात ‘सोनेरी कापड’ अशी पाटी आणि समोर मातकट तुकडा दिसला, तर गोंधळून जाऊ नये.

हलकी जर वेगळी दिसते. तांब्याच्या तारेवरची जर काही वर्षांत लालसर पडते, दमट हवेत हिरवटही होते. प्लॅस्टिकची जर म्हणजे धातूचा लेप दिलेली पातळ फिल्म. ती काळवंडत नाही, तिची झिलई सोलल्यासारखी निघते. अस्सल चांदी मात्र काळी पडते. तेव्हा ‘शंभर वर्षांची जर, बघा कशी लखलखतेय’ असं कुणी म्हणालं की संशय घ्यावा. काजळलेली जर ही खोड मानू नये, बहुतेक वेळा ती खरेपणाची खूण असते.

धागा जाळून पाहायची परीक्षा आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. ती नव्या मालाच्या सुट्या दोऱ्यावर करावी. जुन्या कापडाचा एक दोराही त्यासाठी ओढू नये.

आता पाठ

इराणच्या सफवी राजघराण्याच्या काळातलं जरीचं कापड ओढमागावर विणलं जाई. खाली विणकर बसे आणि धोटा टाकी. मागाच्या वर दुसरा माणूस बसून नक्षीच्या दोऱ्या ठरलेल्या क्रमानं ओढी, म्हणजे ताण्यातले नेमके धागे उचलले जात. कुठली दोरी कधी ओढायची हे दोऱ्यांतच बांधून ठेवणारा तो नक्षबंद. बनारसी शालूंच्या धंद्यातही हेच नाव चालत आलं. सतराव्या शतकात इराणात राहिलेला फ्रेंच जवाहिऱ्या जाँ शार्दाँ याने लिहिलं आहे की उंची जरीच्या एका मागावर पाच-सहा माणसं काम करत आणि चोवीस ते तीस धोटे चालत. एवढे धोटे आले की बाण्याचे एवढे रंग आले. जो रंग त्या क्षणी दर्शनी नाही, तो जातो कुठं? पाठीमागे. म्हणून कापडाची घडण पाठीवर उघडी पडते.

पाठ कशी वाचावी हे शिकायला इराणला जायची गरज नाही. घरची हातमागाची पैठणी काढावी. तिचा पदर उलटा केला तरी मोर मोरच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच फिरून शेजारच्या धाग्यात अडकतो. मग औरंगाबादी हिमरू उलटा करावा. तिथं मागच्या बाजूला सुटे, लांब धागे मोकळे धावताना दिसतात. ‘हिमरू’ हे नाव फारसीतल्या ‘सारखं’ या अर्थाच्या शब्दावरून आल्याचं सांगतात, म्हणजे किनखाबासारखं. ही दोन कापडं बोटांखालून गेली की निम्मा अभ्यास झाला.

इराणी कापडाच्या पाठीवर मुख्यतः चार गोष्टी दिसू शकतात.

पाठ गुळगुळीत आणि नक्षी तीच, पण रंग उलटे, म्हणजे पुढे तांबड्यावर पांढरं तर मागे पांढऱ्यावर तांबडं. हे दुहेरी कापड: दोन साधे पापुद्रे नक्षीच्या कडेवर एकमेकांतून आरपार जातात. दोन पापुद्रे चिमटीत अलग धरता आले तर खात्रीच.

भुई अतलशीसारखी चकचकीत आणि नक्षीचा भाग तिरकस विणीचा, मागे आडवे धागे बारीक बांधणीनं धरलेले. सफवी दरबारी कापडांचा हा लाडका प्रकार. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सोळाव्या शतकाच्या मध्याचं एक रेशमी कापड आहे. त्यावर सफवी सरदार जॉर्जियन कैद्यांना घेऊन चाललेला दिसतो. शाह तहमास्पच्या जॉर्जियावरच्या स्वाऱ्या त्याच काळातल्या. चित्रकारानं कागदावर काढावं तितक्या सफाईनं विणकरानं माणसांचे चेहरे उतरवले आहेत.

पुढे मखमलीची लव आणि मागे मधूनमधून कापलेल्या रेशमी टोकांचे पुंजके. ही सफवी मखमलीची युक्ती. लवेसाठीचे ताण्याचे धागे नक्षीच्या मध्येच तोडून तिथं दुसऱ्या रंगाचे जोडत, त्यामुळे एकाच मखमलीत कितीतरी रंग खेळवता येत. तुटकी टोकं मागे राहत. अशी टोकं दिसली की माल टाकाऊ म्हणून परत करू नये.

चौथी, पाठीवर सुटे धागे किंवा ते कातरल्याच्या खुणा. हातमागाच्या यज्दी तेर्म्यात असं असतं. केरमानच्या जुन्या शाली मात्र काश्मिरी कानीच्या पद्धतीनं विणत, त्यांची पाठ बरीच स्वच्छ. यंत्रमागाच्या तेर्म्यातही मागे धागे असतात, पण ते इतके एकसारखे असतात की कुठंही हात चुकल्याची, धागा संपून नवा घेतल्याची खूण सापडत नाही. अशी चूक शोधावी. हातकामात ती असतेच.

‘जुनं आहे’ म्हटल्यावर

जुनं म्हणून विकलं जाणारं बहुतेक कापड ‘सफवी’ या एका शब्दावर विकलं जातं. तो शब्द वजनदार का, हे कळायला थोडा इतिहास हवा.

यज्दचा गियासुद्दीन अली नक्षबंद हा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला या कलेचा सर्वांत नामांकित माणूस. लैला-मजनूच्या प्रसंगांचं त्याचं रेशमी कापड प्रसिद्ध आहे आणि त्याची सही नक्षीतच विणलेली असे. त्याची कीर्ती अकबराच्या दरबारापर्यंत पोचली होती आणि अबुल फजलच्या ‘आईने अकबरी’त त्याचं नाव येतं. त्याच ग्रंथातल्या कापडांच्या यादीत यज्दच्या जरीच्या मखमलीचा भाव एका ठाणाला १५ ते १५० मोहरा दिला आहे. गुजरातेतली तशी मखमल १० ते ५० मोहरांना मिळे. सफवी बादशहा शाह अब्बासनं १५९८ च्या सुमारास राजधानी इस्फहानला नेली आणि शाही कारखान्यांना बळ दिलं. १६०३ मध्ये त्याचा वकील व्हेनिसच्या दोजेपुढे नजराणा म्हणून जरीची वस्त्रं घेऊन उभा राहिला. तो प्रसंग व्हेनिसच्या दोजे महालात भिंतीवर रंगवलेला आहे. हे कापड राजनीतीचं चलन होतं. १७२२ मध्ये अफगाणांनी इस्फहान घेतलं, सफवी सत्ता कोसळली आणि हे कारखानेही ओसरले.

अशा मालाचे जे तुकडे उरले ते फार थोडे आणि बहुतेक संग्रहालयांत. ते सहसा बाजारातल्या काचेच्या कपाटात सापडत नाहीत.

नाव आणि माल यांची गाठ किती सैल असू शकते याची दोन उदाहरणं लक्षात ठेवावीत. पोलंडचा राजा तिसरा सिगिस्मुंद यानं १६०१ मध्ये एका आर्मेनियन व्यापाऱ्याला जरीचे रेशमी गालिचे विणवून आणायला काशानला पाठवलं. पुढे १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात पोलंडच्या चार्तोरिस्की घराण्याकडचे असेच गालिचे मांडले गेले, लोकांना ते पोलंडमध्येच विणलेले वाटले आणि सगळ्या प्रकाराला ‘पोलोनेझ’ हे नाव चिकटलं. ते आजही सुटलेलं नाही. माल इराणी, नाव पोलिश.

दुसरं उदाहरण जास्त महाग पडलेलं आहे. १९२४-२५ च्या सुमारास तेहरानजवळच्या रय इथल्या जुन्या थडग्यांतून निघालेली म्हणून काही रेशमी वस्त्रं बाजारात आली. दहाव्या-अकराव्या शतकातल्या बुवैही राजवटीची म्हणून युरोप-अमेरिकेतल्या नामांकित संग्रहालयांनी ती विकत घेतली. मग असे ‘बुवैही’ तुकडे वाढतच गेले. विणकामाची आणि पुढे रेडिओकार्बनची तपासणी झाली, तेव्हा काही खरोखर जुने निघाले, पण बरेचसे विसाव्या शतकातले ठरले. तज्ज्ञांची भांडणं त्यावर कित्येक वर्षं चालली. जिथं मोठमोठी संग्रहालयं फसली तिथं सहलीच्या शेवटच्या संध्याकाळी घाईनं केलेल्या खरेदीनं शहाणं ठरावं ही अपेक्षाच चूक.

रंगही साक्ष देतो. रासायनिक रंग १८५६ नंतरचे. त्याआधी लाल यायचा तो रुनास या मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळापासून किंवा लाखेसारख्या किड्यांच्या रंगापासून, निळा निळीपासून. ‘सफवी’ म्हटलेल्या कापडात भडक जांभळा किंवा चटक गुलाबी दिसला तर पुढची बोलणी थांबवावीत.

घेताना

नवं आणि चांगलं असं ठरवून घ्यावं. १९३० च्या आसपास तेहरानमध्ये जुन्या कलांसाठी शाळा आणि कारखाने उभे राहिले, जरीचे आणि मखमलीचे ओढमाग पुन्हा लागले. काशान हे त्याचं जुनं माहेर. असं हातमागाचं जरबफ्त आज फार थोडं निघतं, कारण नक्षी दाट असली की दिवसभरात काही सेंटिमीटरच कापड पुढे सरकतं. म्हणून त्याचा भावही तसाच असतो. स्वस्तात मिळालं तर ते दुसरं काहीतरी आहे असं समजावं.

पावतीवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: हातमाग की यंत्रमाग, ताणा-बाणा कशाचा, जर कशाची, आणि कुठल्या गावी विणलं. लिहून द्यायला नकार मिळाला तर तोच उत्तर समजावं. परदेशी बँकांची कार्डं इराणात चालत नाहीत, तेव्हा रोख रकमेचा हिशेब आधीच करावा. जुनी वस्तू असेल तर बाहेर नेण्याच्या परवानगीची चौकशी खरेदीआधी करावी.

घरात आधीपासून असलेल्या जुन्या तुकड्यालाही कायदा लागू होतो. भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या नातीला आजीचं तेर्मे पोस्टानं पाठवण्याआधी त्याचं वय विचारात घ्यावं.

घरी आणल्यावर

जरीचे शत्रू चार: गंधक, घडी, ओल आणि ऊन.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. लोकरीतही गंधक असतो, रबरातही. म्हणून जरीचं कापड लोकरी शालींच्या गठ्ठ्यात ठेवू नये, रबरबँड लावू नये, वर्तमानपत्रात गुंडाळू नये. धुतलेलं, खळ नसलेलं, पांढरं मलमल सगळ्यात चांगलं. नव्या लाल-केशरी फडक्याचा रंग सुटतो. आपल्याकडे पैठणीला जुन्या मऊ धोतरात बांधून ठेवायची रीत होती ती बरोबरच होती.

घडीवर रेशीम वाकतं, पण धातूची पट्टी वाकत नाही, मोडते. वर्षानुवर्षं एकाच रेषेत राहिलेल्या घडीवर कापड कात्रीनं कापल्यासारखं दुभंगतं. लहान तुकडा असेल तर मलमल गुंडाळलेल्या जाड नळीवर सैल गुंडाळावा, सुलट बाजू बाहेर ठेवून. मोठं वस्त्र घडी घालूनच ठेवावं लागलं तर घडीत मलमलीची वळकटी घालावी आणि दर तीन-चार महिन्यांनी घडीची जागा बदलावी.

कोकणात आणि मुंबईत पावसाळा हा खरा कसोटीचा काळ. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवायच्या तर वेगळ्या कापडी पुरचुंडीत, कापडाला न टेकता. सुकलेला कडुलिंबाचा पालाही तसाच वेगळा बांधावा, कारण पाल्याचा डाग रेशमावर कायमचा बसतो. पावसाळा संपल्यावर कोरड्या दिवशी सावलीत दोन तास पसरलं की पुरे. उन्हात टाकू नये.

चौकटीत लावायचं असेल तर काच कापडाला टेकता कामा नये आणि चौकट खिडकीसमोर नको. संग्रहालयं अशा कापडावर साधारण ५० लक्स इतका मंद उजेड ठेवतात. तिथली दालनं अंधारी वाटतात त्याचं कारण हेच.

काळी पडलेली जर चकाकवण्यासाठी लिंबू, चिंच, रिठा किंवा भांडी घासायची पावडर यांतलं काहीही लावू नये. मुलामा इतका पातळ असतो की काळिमेबरोबर सोनंही निघून जातं आणि आम्ल रेशमात शिरून बसतं. जुनं कापड ड्रायक्लीनला देऊ नये. अत्तर किंवा स्प्रे कापडावर मारू नये. धूळ झटकायची असली तर वर बारीक जाळीचं कापड ठेवून मऊ ब्रशानं हलकेच.

आणि एक काम आजच करण्यासारखं. जुनी जर विकत घेणारे अजूनही दारावर येतात. ते वस्त्र जाळून चांदी काढतात आणि पैसे वजनावर देतात. आपल्याकडचे कितीतरी शालू असेच गेले आणि इराणातल्या जरबफ्तांचंही तेच झालं. ट्रंकेतला जीर्ण तुकडा त्यांच्या तराजूत टाकण्याआधी दिवसाच्या उजेडात त्याचे दोन फोटो घ्यावेत, एक सुलट बाजूचा आणि एक पाठीचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. कापडाच्या जाणकारानं पुढे काही सांगायचं झालं तर तो आधी दुसरा फोटो मागेल.